उपग्रहाला टोळ दिसत नाहीत

२५ मे २०२० रोजी जयपूर शहरावर टोळांचा थवा उतरला. त्याच आठवड्यात विदर्भातील अमरावती, वर्धा आणि नागपूर या जिल्ह्यांत टोळ पोहोचले, आणि ज्यांनी टोळधाड केवळ वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली होती असे शेतकरी थाळ्या आणि पत्र्याचे डबे वाजवीत संत्र्याच्या बागांतून धावू लागले. त्या दिवसांत विद्यार्थ्यांनी आणि पत्रकारांनी मला वारंवार एकच प्रश्न विचारला : आकाशात इतके उपग्रह फिरत असताना ही धाड आधी कशी दिसली नाही?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देताना प्रथम एक गोष्ट मान्य करावी लागते, ती ही की, उपग्रहाला टोळ दिसत नाहीत. आपला इन्सॅट-३डी हा उपग्रह त्या वेळी विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीकडे पाहत असे. दृश्य प्रकाशातील त्याच्या प्रतिमेचा एक चित्रबिंदू जमिनीवरील एक किलोमीटर लांबी-रुंदीचा तुकडा असे आणि औष्णिक अवरक्त प्रतिमेत तो चार किलोमीटरचा होई. टोळ हा बोटाएवढा कीटक. एका चौरस किलोमीटरच्या थव्यात चार ते आठ कोटी टोळ असू शकतात हे खरे, परंतु उडणारा थवा विरळ, सतत आकार बदलणारा आणि दर तासाला जागा सोडणारा असतो. ज्या उपग्रहांना जमिनीवरील एक मीटरहून लहान वस्तू ओळखता येते ते एका वेळी फारच अरुंद पट्टा पाहतात, आणि तो पट्टा नेमका कोठे निवडायचा हे ठाऊक असेल तर मग उपग्रहाची गरजच उरत नाही. म्हणून गेली सुमारे पन्नास वर्षे या क्षेत्रात जे काम झाले ते टोळ शोधण्याचे नाही. टोळाला जे हवे असते ते कोठे निर्माण झाले आहे, हे शोधण्याचे ते काम आहे.

टोळाला काय हवे असते? वाळवंटी टोळाची (शिस्टोसर्का ग्रेगेरिया) मादी पोटाचे टोक वाळूत खुपसून सुमारे दहा सेंटिमीटर खोलीवर अंड्यांचा पुंजका घालते. एकाकी अवस्थेतील मादीच्या पुंजक्यात ९० ते १६० अंडी असतात, तर समूह अवस्थेतील मादीच्या पुंजक्यात ती ८० हून कमी असतात. अंडी घालण्यापूर्वी ती जमीन चाचपून पाहते आणि वाळू कोरडी लागली तर पुढे जाते. याचे कारण असे की, भ्रूणाची वाढ पूर्ण होण्यासाठी अंड्याला जवळजवळ स्वतःच्या वजनाइतके पाणी भोवतालच्या मातीतून शोषून घ्यावे लागते. उबदार जमिनीत साधारण दोन आठवड्यांनी पिल्ले बाहेर पडतात. त्यांना पंख नसतात. पाच वेळा कात टाकेपर्यंत, म्हणजे तीस ते चाळीस दिवस, ती जेथे जन्मली त्याच परिसरातील हिरव्या पाल्यावर जगतात. सलग दोन महिन्यांत २५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर टोळांना जगण्यास आणि वाढण्यास तो सामान्यतः पुरतो, असा या विषयातील ठोकताळा आहे. कोकणातल्या माणसाला हा आकडा वाचून हसू येईल. तेथे एका दुपारी याहून अधिक पडतो. वाळवंटात मात्र एवढ्या पावसाने वाळूखालच्या बिया जाग्या होतात, सराट्याच्या वेली पसरतात आणि महिनाभरापूर्वी जेथे काहीच नव्हते तेथे टोळांचे एक संपूर्ण पिढीचे घर तयार होते.

तेव्हा अवकाशातून पाहायचे ते पाऊस, ओल आणि हिरवळ. आणि थवे तयार झाल्यानंतर वारा.

पावसापासून सुरुवात करू. १ एप्रिल १९६० रोजी अमेरिकेने सोडलेल्या टायरॉस-१ या पहिल्या यशस्वी हवामान उपग्रहाने ढग दाखविले, परंतु ढग म्हणजे पाऊस नव्हे. पुढे अवरक्त प्रतिमांवरून ढगांच्या माथ्याचे तापमान मोजता येऊ लागले, आणि माथा जितका थंड तितका ढग उंच व म्हणून पाऊस देणारा असण्याची शक्यता अधिक, या तर्कावर पावसाचे अनुमान काढण्याच्या पद्धती बसविल्या गेल्या. त्यांतील एका जुन्या व सोप्या पद्धतीत उणे ३८ अंश सेल्सिअसहून थंड माथ्याच्या प्रत्येक ढगाला ताशी तीन मिलिमीटर पाऊस बहाल केला जातो. उष्णकटिबंधातील समुद्रावर मोठ्या क्षेत्राची सरासरी काढताना ही पद्धत उपयोगी पडते. वाळवंटात ती फसते, कारण तेथे पावसाच्या सरी अनेकदा तापलेल्या कोरड्या हवेत जमिनीला टेकण्यापूर्वीच विरून जातात. उपग्रहाच्या हिशेबात पाऊस जमा होतो, वाळू मात्र कोरडीच राहते. २०१४ मध्ये सोडलेल्या जीपीएम उपग्रहावर सूक्ष्मतरंगमापक आणि रडार दोन्ही आहेत. त्याच्या व सहकारी उपग्रहांच्या एकत्रित नोंदींतून आज दर अर्ध्या तासाचे, सुमारे दहा किलोमीटर जाळीचे पर्जन्यमान मिळते. ही मोठीच प्रगती आहे. तरीही थरच्या वाळवंटात दोन टेकड्यांपैकी एकीवर सर कोसळते आणि दुसरी कोरडी राहते, हे तेथे काम केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

हिरवळीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे आणि कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तो नीट समजून घ्यावा असे मला वाटते, कारण आपल्या शोधनिबंधांत वनस्पती निर्देशांकाचे रंगीत नकाशे आता सर्रास छापले जातात. हिरवे पान लाल प्रकाश शोषून घेते आणि निकट-अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत पाठविते. या दोन परावर्तनांमधील फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की एनडीव्हीआय हा निर्देशांक मिळतो. आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कोरडी वाळू लाल प्रकाशाचा ०.३० आणि निकट-अवरक्ताचा ०.३६ इतका भाग परावर्तित करते असे धरले, तर तिचा निर्देशांक ०.०९ येतो. हिरव्या पानांसाठी हेच आकडे ०.०५ आणि ०.४५ धरू. निम्म्याहून अधिक, म्हणजे ६० टक्के जमीन पानांनी झाकलेल्या शेताचा निर्देशांक ०.४७ येतो; तो नकाशावर झळकतो. परंतु केवळ ५ टक्के जमिनीवर सराटा पसरला असेल तर निर्देशांक ०.०९ वरून जेमतेम ०.१२ वर जातो. इतका फरक हवेतील धूळ, सूर्याचा कोन किंवा वाळूचा बदलता रंग यांमुळेही पडू शकतो. नकाशा वाचणारा त्याकडे दुर्लक्ष करतो आणि ते स्वाभाविकही आहे. मोडिस या संवेदकाचा २५० मीटरचा चित्रबिंदू जमिनीवर सव्वासहा हेक्टरांचा असतो. त्याचे ५ टक्के म्हणजे सुमारे पाऊण एकर हिरवळ; टोळांच्या एका पिढीला ती पुरेशी आहे.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. २०१९ च्या मोसमात, सप्टेंबरच्या अखेरीस, जैसलमेर जिल्ह्याच्या पश्चिम भागात पाहणीसाठी जाताना मी सोळा दिवसांच्या एकत्रित प्रतिमांवरून केलेला नकाशा बरोबर घेतला होता आणि त्यावरील ठळक हिरव्या ठिकाणांना लाल शाईने गोल केले होते. पहिली तीन ठिकाणे कूपनलिकांच्या पाण्यावरचा भुईमूग आणि गवार निघाली. जमीन नांगरलेली, माणसांची ये-जा, टोळांचा मागमूस नाही. चौथ्या ठिकाणाच्या वाटेवर एका मेंढपाळाने गाडी थांबविली आणि आपण फाका शोधत आहात का, असे विचारले. टोळाच्या पिल्लांना तिकडे फाका म्हणतात. त्याने हात केला त्या दिशेला नकाशावर निव्वळ वाळूचा रंग होता. मी त्याचे आभार मानले आणि नकाशाप्रमाणे पुढे गेले. दुसऱ्या दिवशी परतताना, वेळ उरला म्हणून, त्या बाजूला वळलो. दोन टेकड्यांमधील खोलगट जागेत सराटा आणि सेवण गवत उगवले होते, आणि त्यांतून काळ्या-पिवळ्या पिल्लांचा लोंढा एकाच दिशेने सरकत होता. नियंत्रण पथकाला कळवून फवारणी झाली, परंतु तोपर्यंत त्या लोंढ्याचा काही भाग शेजारच्या टेकडीपलीकडे गेला होता. नकाशा खोटा नव्हता. पाऊस त्या सोळा दिवसांच्या उत्तरार्धात झाला होता आणि हिरवळ फार थोडी होती. मी मात्र त्या नकाशाला जे विचारायला हवे होते ते विचारले नव्हते.

या अडचणीवर तज्ज्ञांनी शोधलेला एक उपाय असा की, हिरवळ किती आहे यापेक्षा ती किती दिवसांची आहे हे पाहावे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या रोम येथील टोळ माहिती सेवेसाठी बेल्जियममधील लूव्हाँ विद्यापीठाच्या संशोधकांनी असे गतिमान हरितता नकाशे विकसित केले. नुकतेच हिरवे झालेले ठिकाण त्यांत वेगळ्या रंगाने दिसते. बारमाही बाभळी आणि ओलिताची पिके यांपासून पावसानंतरची कोवळी हिरवळ वेगळी काढण्यास यामुळे मोठी मदत होते.

दुसरा उपाय म्हणजे हिरवळीची वाट न पाहता ओल मोजणे. युरोपीय अवकाश संस्थेचा स्मॉस (२००९) आणि अमेरिकेचा स्मॅप (२०१५) हे उपग्रह जमिनीतून नैसर्गिकरीत्या बाहेर पडणारे सुमारे २१ सेंटिमीटर तरंगलांबीचे सूक्ष्मतरंग टिपतात. पाण्याच्या अंशाने हे उत्सर्जन बदलते. त्यावरून वरच्या सुमारे पाच सेंटिमीटर थरातील ओल काढता येते. ढगांचा अडथळा नाही, रात्रीचाही नाही. उणीव एवढीच की, एक चित्रबिंदू सुमारे ४० किलोमीटरचा, म्हणजे एखाद्या तालुक्याएवढा असतो. इतर उपग्रहांच्या सूक्ष्म प्रतिमांशी सांगड घालून तो एक किलोमीटरपर्यंत आणण्याचे प्रयोग यशस्वी झाले आहेत. पाऊस, मग ओल, मग अंकुर, मग पिल्ले असा क्रम असल्यामुळे ओलीवरून मिळणारी सूचना हिरवळीवरून मिळणाऱ्या सूचनेच्या पुढे असते : हिरवळ सुमारे महिनाभर आधी सावध करते, तर ओल दोन-तीन महिने आधी. पथके, वाहने आणि कीटकनाशक वाळवंटात पोहोचविण्यास लागणारा काळ ज्याने पाहिला आहे त्याला या जादा महिन्यांचे मोल वेगळे सांगायला नको.

मग २०२० ची धाड का टळली नाही? त्यासाठी दोन वर्षे मागे आणि अरबस्तानच्या दक्षिणेस जावे लागते.

रुब-अल-खाली हे सुमारे साडेसहा लाख चौरस किलोमीटरचे वाळूचे मैदान सौदी अरेबिया, ओमान, येमेन आणि संयुक्त अरब अमिराती या देशांत पसरलेले आहे. २५ मे २०१८ रोजी मेकुनू हे चक्रीवादळ ओमानमधील सलालाजवळ किनाऱ्याला धडकले. त्याचे ढग वाळवंटात आत शिरले आणि टेकड्यांमधील खळग्यांत पाण्याची तळी साचली. उपग्रहांच्या चित्रांत ही तळी दिसली. एरवी अशी ओल काही महिन्यांत आटते, हिरवळ वाळते आणि टोळ विखुरतात किंवा मरतात. परंतु त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला लुबान हे दुसरे चक्रीवादळ येमेनच्या किनाऱ्यावर आले आणि आटत चाललेल्या त्या भागावर पुन्हा पाऊस पाडून गेले. सलग तीन पिढ्यांना पोषक असा काळ टोळांना मिळाला. अनुकूल स्थितीत दर पिढीला टोळांची संख्या सुमारे वीसपट होऊ शकते. तीन पिढ्यांत वीसपट, चारशेपट, आठ हजारपट. अन्न व कृषी संघटनेने त्या काळातील वाढीचा अंदाज आठ हजारपट असाच दिला आहे.

या सर्व काळात वादळे दिसत होती, पाऊस मोजला जात होता, वाळवंट ओले आहे हे कळत होते. तेथे जाऊन पाहणारे मात्र कोणी नव्हते. त्या मुलखात रस्ते नाहीत आणि येमेनमध्ये युद्ध चालू होते. जानेवारी २०१९ मध्ये पहिले थवे तेथून बाहेर पडले तेव्हा ते येमेन व सौदी अरेबियात पसरले आणि आखात ओलांडून इराणच्या नैर्ऋत्य भागात गेले. तेथे वसंतातील प्रजनन झाले. २१ मे २०१९ पासून राजस्थानात टोळांविरुद्ध नियंत्रणाचे काम सुरू झाले. त्या वर्षी पाऊस लांबला आणि एरवी हिवाळ्याच्या तोंडावर थंडावणारे प्रजनन चालूच राहिले. डिसेंबरात बनासकांठ्यातील मोहरी, जिरे आणि एरंड यांवर थवे उतरले. १७ फेब्रुवारी २०२० पर्यंत देशात चार लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर फवारणी करावी लागली. २०१८ च्या उन्हाळ्यात हीच लढाई वाळवंटातील काही खळग्यांपुरती मर्यादित ठेवता आली असती, असे मला वाटते. तेथे पोहोचणे त्या वेळी शक्य होते का, हा प्रश्न मात्र कीटकशास्त्राच्या कक्षेबाहेरचा आहे.

आता वाऱ्याविषयी. थवा सूर्योदयानंतर हवा तापल्यावर उठतो आणि संध्याकाळी बसतो; मधल्या काळात तो मुख्यतः वाऱ्याच्या दिशेने जातो. ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ आर. सी. रेनी यांनी १९५१ मध्ये मांडले की, वाऱ्याबरोबर वाहत गेल्यामुळे थवे अखेर तेथेच पोहोचतात जेथे वारे एकमेकांना भिडतात, आणि वारे भिडतात तेथेच पाऊस पडतो. वाळवंटातील कीटकाला पाऊस कसा सापडतो या कोड्याचे हे उत्तर अजूनही टिकून आहे. मला ते आपल्या शास्त्रातील सर्वांत देखण्या विचारांपैकी एक वाटते. त्यामुळे पावसाचा अंदाज करणारी यंत्रणा आणि टोळांचा अंदाज करणारी यंत्रणा यांची सामग्री एकच असते. २०२० मध्ये इन्सॅट-३डी व इन्सॅट-३डीआर हे आळीपाळीने दर पंधरा मिनिटांनी प्रतिमा घेत असत. लागोपाठच्या प्रतिमांत ढग किती सरकले यावरून वाऱ्याची दिशा व वेग काढला जातो आणि ते आकडे हवामानाच्या गणिती प्रारूपांत जातात.

मे २०२० मध्ये याचाच प्रत्यय आला. राजस्थानात त्या वेळी उभे पीक नव्हते, टोळ अपक्व व भुकेलेले होते आणि बंगालच्या उपसागरात अम्फान हे चक्रीवादळ तयार झाले. २० मे रोजी ते सुंदरबनाजवळ किनाऱ्यावर आले. त्याच्याशी निगडित जोरदार पश्चिमी वाऱ्यांबरोबर थवे नेहमीच्या पट्ट्यापलीकडे पूर्वेकडे, मध्य प्रदेशात आणि तेथून विदर्भात आले. त्या आठवड्यात वाऱ्याचे नकाशे पाहून थव्यांची दिशा सांगणे कठीण नव्हते. थवा कोणत्या गावात बसेल हे मात्र त्यांवरून सांगता येत नव्हते. ते संध्याकाळी गावकऱ्यांच्या दूरध्वनीवरूनच कळत होते, आणि टोळ बसलेले असतात त्या रात्री व पहाटेच फवारणी परिणामकारक होते.

जोधपूर येथून काम पाहणाऱ्या टोळ चेतावणी संघटनेची स्थापना १९३९ ची. राजस्थान, गुजरात आणि हरियाणातील सुमारे दोन लाख चौरस किलोमीटर वाळवंटी क्षेत्र तिच्या देखरेखीखाली आहे. तिचे कर्मचारी वाळवंटात ठिकठिकाणी थांबतात, ठरावीक अंतर पायी चालतात, पायाखालून उडणारे टोळ मोजतात, वाळू उकरून ओल किती खोल आहे ते पाहतात, कोणती झाडे हिरवी आणि कोणती वाळत आहेत ते लिहितात. पूर्वी हे कागदावर होई. आता अन्न व कृषी संघटनेने तयार केलेल्या ई-लोकस्ट या प्रणालीत स्थानाच्या अक्षांश-रेखांशांसह भरले जाते आणि उपग्रहामार्फतच मुख्यालयाकडे पाठविता येते.

या नोंदींत एक रकाना 'टोळ आढळले नाहीत' असा असतो. नव्या सहकाऱ्यांना तो भरणे निरर्थक वाटते. दिवसभर उन्हात फिरून शून्य लिहायचे म्हणजे फुकट गेलेला दिवस, अशी त्यांची समजूत असते. परंतु उपग्रहाच्या ओलीच्या व हिरवळीच्या आकड्यांवरून टोळांचा अंदाज करणारे कोणतेही प्रारूप तपासायचे तर टोळ असलेली ठिकाणे जितकी लागतात तितकीच नसलेलीही लागतात. ओल होती, हिरवळ होती आणि तरीही टोळ नव्हते, ही नोंद प्रारूपाला दुरुस्त करते. ओल नव्हती असे उपग्रह म्हणतो आणि टोळ सापडले, ही तर अधिकच. जैसलमेरच्या त्या खोलगट जागेची नोंद आम्ही दुसऱ्या दिवशी भरली, तिच्यासमोर निर्देशांक ०.१२ च्या आसपासचा होता. त्या फेरीत नकाशावर वाळूच्या रंगाची म्हणून मी वगळलेली आणखी बरीच ठिकाणे होती. त्यांच्यासमोर शून्यही लिहिलेले नाही.